हात लावून ये

लालबाग
३ डिसेंबर २०२४

प्रिय नलूआत्या,

मी विहंग. तुझ्या कमलाकांतदादाचा नातू. डिप्लोमा अर्धा टाकून लेहला पळाला, मग गोव्यात कयाक चालवत बसला, तोच. घाबरू नकोस, पैसे मागायला लिहीत नाहीये. मागायचंच आहे, पण माहिती.

फोन केला होता. तू दोनदा "कोण?" विचारलंस आणि मग "आम्हाला क्रेडिट कार्ड नको" म्हणून ठेवून दिलास. बाबा म्हणाला, तिचे कान गेलेत, पत्र लिही. पत्राला ती उत्तर देतेच, शिव्या घालायला का होईना.

तर हल्ली मी परळच्या लोकविज्ञान दालनात कामाला आहे. हमाली आणि लिखाण, दोन्ही. जुनी इमारत पडणार, आणि शेजारी गिरणीच्या जागेवर जो टॉवर झालाय त्याचे खालचे दोन मजले दालनाला मिळालेत. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, उद्घाटन. जुन्या वस्तू उचलायच्या, पुसायच्या. कुठली न्यायची आणि कुठली भंगारात द्यायची ते सुनेत्रा मॅडम ठरवणार. त्या आमच्या डायरेक्टर, दादरच्या, फिजिक्समध्ये पीएचडी, आणि चालतात इतक्या भराभर की त्यांच्याशी बोलायचं तर पळावं लागतं. मी कधीकाळी ब्लॉग लिहायचो हे त्यांना कळलं. तर म्हणाल्या, दारासमोरच्या भिंतीवर दालनाचा इतिहास हवाय, तू लिही.

आता इतिहास म्हणजे काय, तर ट्रस्टच्या कागदावर एक वाक्य. "१९८१ साली एका दानशूर गिरणीमालकांच्या प्रेरणेतून दालनाची स्थापना झाली." बस. पण कोठीतल्या वस्तू काही गिरणीमालकाच्या प्रेरणेसारख्या दिसत नाहीत. पन्हाळीच्या पत्र्याचा पेरिस्कोप आहे. सायकलच्या चाकावर ग्रह चिकटवलेत, त्यात शनीची कडी म्हणजे चक्क बांगडी. आणि माणसाएवढा एक लाकडी पिंजरा आहे, आत चिकट काळं रबर लोंबतंय. ते काय आहे कुणालाच सांगता येत नाही. हे सगळं कुणी केलं?

मधेच एक गंमत. मी राहतो ती खोली मसाला कांडतात त्या गल्लीच्या तोंडाशी आहे. सकाळी कुणी खिडकी उघडली की अख्खा मजला शिंकतो. समोरचे काका शिंकांवरून दिवस कसा जाणार ते सांगतात. माझं भविष्य दोन्ही नाकपुड्यांनी खराब आहे म्हणे.

हां, तर मुद्दा. बाबा म्हणाला, "नलूआत्याला विचार, ती तिथे होती. पण जपून विचार." जपून का, ते सांगेना. म्हणून जपून विचारतो: तू तिथे होतीस का?

तुझा
विहंग


केळवे
११ डिसेंबर

चि. विहंग, आशीर्वाद.

तुझं अक्षर म्हणजे कावळ्याचे पाय, मांजराचे पाय. तरी वाचलं. शिंका सोडून बाकीचं उपयोगाचं होतं.

होते मी तिथे. १९८१ साली दालनाला शेटजी मिळाले, एवढंच खरं. दालन त्याच्या पाच वर्षं आधीपासून चालू होतं, आणि ते सुरू झालं गणपतीच्या देखाव्यातून.

मी तेव्हा लालबागला म्युनिसिपालिटीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. सगळी गिरणी कामगारांची मुलं. एकाने वर्गात विचारलं, "बाई, आमच्या बाबांना सोमवारीच दम का लागतो?" दुसरा म्हणाला, माझ्यापण. मग तिसरा. मी पुस्तकं काढून वाचलं. कापसाची धूळ छातीत बसते. रविवारी सुट्टी, छाती जरा मोकळी होते. सोमवारी पुन्हा त्या धुळीत उभं राहिलं की आवळते. गिरणीचे डॉक्टर म्हणायचे, विड्या कमी करा.

तिथल्या मंडळाचे हलते देखावे धोंडू करायचा. गिरणीत कार्डिंग खात्यात फिटर होता, म्हणजे कापूस पिंजतात तिथे. एका मोटरवर रावणाची दहाही तोंडं फिरवायचा. मी त्याला म्हटलं, यंदा रावण नको, फुफ्फुस कर. तो म्हणाला, "बाई, फुफ्फुसाच्या पाया कोण पडणार?" मी म्हटलं, पाया पडायला बाप्पा आहे, ह्याला लोकांना हात लावू दे.

तू पाहिलास तो पिंजरा म्हणजे छातीच्या फासळ्या. आत लॉरीच्या ट्यूबची दोन फुफ्फुसं, एक रिकामं, एक गिरणीतला कापूस ठासलेलं. हवा भरायला पेटी लावली होती. एक फुगायचं, दुसरं धडपडायचं. वर मी पाटी रंगवली: "सोमवारचा दम. हात लावा."

रांग पार पुलापर्यंत गेली. बायका नवऱ्यांचा हात धरून आणायच्या, बघा म्हणायच्या, बघा काय भरलंय तुमच्यात.

अनंत चतुर्दशी झाली की दुसऱ्या दिवशी देखावा मोडायचा, ही रीत. मंडळाची पोरं हातोड्या घेऊन आली. धोंडूची आई, रमाबाई, पिंजऱ्यापुढे फतकल मारून बसली. "देखावो मोडतास? मगे माझ्या झिलाचो खोकलो मोडून दाखवा आधी." कुणाची हिंमत झाली नाही. तो देखावा विसर्जनानंतर राहिला, आणि त्याच्याभोवती दालन उभं राहिलं. पुढच्या वर्षी पेरिस्कोप, मग ग्रह. शनीची बांगडी माझी आहे.

रबर आता गेलंच असेल. पिंजरा मोडला तर मोडू दे. पण पेटी जप. बाकीचं सगळं पुन्हा करता येईल, पेटी नाही.

भिंतीवर हे लिही. माझं नाव नको.

नलूआत्या


लालबाग
२१ डिसेंबर

प्रिय आत्या,

पेटी वाचवली!

तुझं पत्र आलं त्याच दिवशी भंगारवाल्याचा टेम्पो दारात. मी कोठीत धावलो. पिंजऱ्यामागे होती, सागवानी, लोखंडी पट्ट्या मारलेली, झाकणावर "फु." असं रंगवलेलं. त्याने एका बाजूने धरली, मी वर बसलो. "उतरो भाई, लकडा जाने का है." मी म्हटलं, माझ्यासकट घेऊन जा. मॅडम आल्या. "विहंग, त्या खोक्यात काय आहे?" मी म्हटलं, इतिहास. उघडून पाहिलं तर आत दोन झुरळं आणि एक पाना. तरी मी उठलो नाही. आता डबासुद्धा तिच्यावर बसूनच खातो. ह्यातून तुम्ही हवा कशी भरायचात ते कळलं नाही, एकही भोक नाहीये. पण तू सांगशील.

बाकी पुष्कळ गेलं, रे रोडच्या भंगारात. तुटक्या खुर्च्या, वाळवी लागलेले तक्ते, कुणा भजनवाल्यांनी ठेवून दिलेलं एक हार्मोनियम. हसू नकोस, त्याला एकच पट्टी उरली होती. एका सुराचं भजन.

हां, आणि कोठीच्या दाराला एक पत्र्याची पाटी सापडली. पण तुझी नाही. तिच्यावर "हात लावू नये" आहे. हे काय?

मॅडमना मी रमाबाईंची गोष्ट सांगितली. त्या थांबल्या, आत्या. चालता चालता थांबल्या, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. मग म्हणाल्या, "छान आहे. पण भिंतीवर १९८१च राहील." कारण नव्या दालनाचा खर्च टॉवरवाल्या कंपनीचा. त्यांच्या लॉबीत गिरणीच्या सूत कातायच्या चात्या पॉलिश करून काचेत टांगल्यात, झुंबरासारख्या. त्यांचा माणूस येऊन सांगून गेलाय, "मिल इज हेरिटेज. पण पॉझिटिव्ह ठेवा." पिंजरा घेतील म्हणे, काचेआड, "श्वसनसंस्थेची जुनी प्रतिकृती" म्हणून. कापूस मात्र नको.

मी म्हटलं, कापूस नसेल तर ते सोमवारचं कसलं, ते रविवारचं फुफ्फुस. मॅडम म्हणाल्या, "वाक्य चांगलं आहे. ब्लॉगवर टाक."

तुझा
विहंग (पेटीवर बसून)


केळवे
२७ डिसेंबर

विहंग,

गाढवा, पेटी म्हणजे बाजाची पेटी! तू जिला हार्मोनियम म्हणतोस ती!

गिरगावच्या घरात जन्मलास. तुझे आजोबा, माझा कमलाकांतदादा, दर गुरुवारी पेटी घेऊन बसायचा, अख्खी वाडी ऐकायची. आणि तू पेटी म्हणजे खोकं समजलास? खोक्यावर बसून जेवलास, वर मला कळवलंस!

ती चाळीतल्या भजनी मंडळाची पेटी होती. तिच्या भात्याने आम्ही फुफ्फुसांत हवा भरायचो. एकच पट्टी होती कारण बाकीच्या धोंडूने मुद्दाम काढल्या होत्या. भाता सोडला की फुफ्फुसातली हवा त्या एका सुरातून बाहेर पडायची. चांगल्या फुफ्फुसाचा सूर लांबत जायचा. कापूसवाल्याचा मधेच तुटायचा. लोक ते ऐकायला यायचे रे, बघायला नव्हे.

हे वाचून झाल्यावर बसू नकोस. रे रोडला जा.

नलूआत्या


लालबाग
९ जानेवारी २०२५

आत्या,

गेलो. त्याच पावली गेलो. आधी तेच सांगतो, कारण पुढचं वाईट आहे.

भंगारवाल्याने मला ओळखलं. "अरे, पेटीपे बैठनेवाला! आओ." मी बाजाचं विचारलं. "वो बाजा? उसी दिन खोल डाला. भाता फटेला था. लकडा अच्छा निकला, फोटो फ्रेमवाला ले गया." फ्रेमवाल्याकडे गेलो, भायखळ्याला. लाकडाच्या पट्ट्या पाडून रंधून झाल्या होत्या. कुणाच्या तरी साखरपुड्याच्या फोटोभोवती असेल आता. सुराची पितळी पट्टी कुठे गेली कुणाला माहीत नाही.

परत येताना रे रोडच्या वखारींमधून हिंडत बसलो. तिथे मोडलेल्या जहाजांची दारं विकायला असतात, गोल खिडकीसकट. एका दारावर अरबीत काहीतरी लिहिलं होतं. मी वखारवाल्याला विचारलं, काय लिहिलंय? तो म्हणाला, "दरवाजा लिखा होगा, और क्या." मी तासभर हसलो, आणि मग मला इतका राग आला, आत्या. स्वतःचा आला, पण तो थोडाच टिकला. तुझाही आला. "पेटी पुन्हा करता येणार नाही." का नाही? मुंबईत पेट्या संपल्या?

धोंडूंची चाळ पडली, पण त्याच लोकांना टॉवरच्या मागे बिल्डिंग दिलीय. पुढच्या टॉवरची सावली दिवसभर तिच्यावर. गेलो. भजनी मंडळ कोण चालवतं, विचारत विचारत एका दारावर पोचलो. दार उघडलं ती धोंडूंची नात, आकांक्षा. परळच्या एका हॉस्पिटलमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. छातीच्या पेशंटांना खोल श्वास ओढायला शिकवते, ते तीन गोळ्यांचं यंत्र असतं बघ, ते देऊन.

मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "माझ्या आजोबांची पेटी तुम्ही भंगारात दिलीत. बसा. आधी चहा घ्या, मग शिव्या देते." दोन्ही दिलं. मग स्टूल लावून माळ्यावर चढली आणि मंडळाची दुसरी पेटी खाली काढली. हल्ली ते कीबोर्डवर भजन करतात. भाता शाबूत आहे. पट्ट्या तिनेच काढल्या, एक ठेवून.

लॉरीच्या ट्यूबही मिळाल्या. पिंजरा उभा आहे. आता आकांक्षाचा एक प्रश्न आहे, मला सुचलाच नव्हता: कापूस किती भरायचा?

विहंग


केळवे
१८ जानेवारी

चि. विहंग, आणि चि. आकांक्षा,

कापूस किती, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. शेटजींनी नाही, तुझ्या मॅडमनी नाही. तू धोंडूची नात शोभतेस.

कापूस अंदाजाने भरलेला नव्हता. पाण्याच्या घमेल्यात बरणी भरून पालथी घालायची. नळीतून एक पूर्ण श्वास फुंकायचा, जितकं पाणी खाली उतरेल तितका श्वास. हा शाळेतला प्रयोग. आधी मी फुंकलं. मग धोंडूने. त्याचं पाणी जेमतेम हललं. तो हसला, म्हणाला, "बाई, बरणी फुटकी आहे." बरणी धड होती. मग आम्ही त्या दुसऱ्या फुफ्फुसात कापूस भरत गेलो, बोळा बोळा करून, त्याचा श्वास धोंडूच्या श्वासाला येऊन मिळेपर्यंत. पेटीचा सूर त्यावर जुळवला. लोक ऐकायचे तो सूर जिथे तुटायचा, तिथे धोंडूचा दम तुटायचा. हे त्याला आणि मला माहीत होतं. रमाबाईंना आम्ही सांगितलं नाही, पण त्या पिंजऱ्यापुढे बसल्या तेव्हा मला वाटलं, त्यांना माहीत असावं.

धोंडू ऐंशीच्या डिसेंबरात गेला. एक्याऐंशीत शेटजी आले. हॉल देतो म्हणाले, कापूस तेवढा काढा. आमच्यातले बरेच जण हो म्हणाले. हॉल हवा होता, छप्पर गळत होतं, मी त्यांना दोष देत नाही. मी नाही म्हटलं. एका सकाळी गेले तर कापूस नव्हता, माझी पाटी नव्हती, तुला सापडली ती पाटी होती. "हात लावू नये." मी आत गेलेच नाही. त्यानंतर कधीच गेले नाही.

पेटी पुन्हा करता येणार नाही, असं मी लिहिलं. पेटीचं नव्हतं ते. माप गेलं, विहंग. मापाचा माणूसच गेला. आता कापूस भराल तो नुसता देखावा होईल.

नलूआत्या


लालबाग
२ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र आकांक्षाने उभ्याने वाचलं, मग बाल्कनीत जाऊन पुन्हा वाचलं. आत आली ती म्हणाली, "बाईंना लिही, माप गेलेलं नाही. बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतं."

म्हणजे दगडूकाका. धोंडूंच्याच खात्यात होते, तेव्हाचे सगळ्यांत तरणे. आता काठी टेकत कट्ट्यावर येतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याची खेचतात. आम्ही बरणी घेऊन गेलो, धोंडूंच्या मापाचं सांगितलं. मला म्हणाले, "काय रे, लोणचा घालूक इलंस?" फुंकलं त्यांनी. पाणी जेमतेम हललं. बरणीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "धोंड्यापेक्षा जास्त हा मा?" मी हो म्हटलं. मला काय माहीत, पण हो म्हटलं.

आत्या, अशी मापं त्या बिल्डिंगमध्ये घराघरात आहेत. तुम्ही एका माणसाचं माप लावलंत. आम्ही म्हणतो, ज्याचं त्याने लावावं. फुफ्फुसाला खालून झडप केलीय. शेजारी घमेलं आणि बरणी. आधी फुंका, आपला श्वास बघा. मग कापूस भरत जा, फुफ्फुस तुमच्याइतकं होईपर्यंत. मग भाता मारा आणि स्वतःला ऐका. ह्याला देखावा म्हण हवं तर. मोडून दाखव.

मॅडमनी फुफ्फुसाला जागा दिली. काच लावायची नाही, एवढं मी भांडून मिळवलं. पण कापूस नाही, बरणी कोपऱ्यात नुसती "मांडणी" म्हणून, आणि पाटी तीच: "हात लावू नये." पाट्यांचे नमुने तपासायला माझ्याकडेच दिलेत, कारण मी लेखक.

तो नमुना मी दोन दिवस घेऊन फिरतोय. काल चिवडा घेताना दुकानदार म्हणाला, "पैसे नंतर दे, आधी घरी ठेवून ये." ठेवून ये! मी तिथेच नमुना काढला.

हात लावू नये.
हात लावून ये.

एकही अक्षर बदलायचं नाही, आत्या. फक्त मधली मोकळी जागा "न"च्या अलीकडून पलीकडे सरकवायची. करू?

विहंग


केळवे
पोस्टकार्ड, ८ फेब्रुवारी

सरकव. शुद्धलेखनाच्या नावाखाली कुणी दुरुस्त करायला आलं तर सांग, बाईंनी तपासलंय. आणि बरणीत फुंकून झाल्यावर नळी प्रत्येक वेळी धुवा.

न.


लालबाग
४ मार्च

प्रिय आत्या,

नळ्या कागदाच्या ठेवल्यात, एकाला एक. आकांक्षाने आधीच ठरवलं होतं. तुमचं दोघींचं जमेल.

आता सांगतो. मॅडमनी पाट्यांच्या गठ्ठ्यावर सह्या केल्या, घाईत. ह्या पाटीवरही केली. माणूस जे वाचायची सवय असते तेच वाचतो. मी गप्प बसलो. मला गप्प बसणं जमत नाही हे तुला एव्हाना कळलंच असेल, पण बसलो.

उद्घाटनाला टॉवरवाल्यांचा माणूस, पाहुणे, फीत, सगळं. भिंतीवर १९८१च आहे. रमाबाईंचा परिच्छेद मी तीनदा लिहिला, मॅडमनी तीनदा कापला. ते मी हरलो, तुला खोटं कशाला सांगू. पाहुणे भिंतीपुढे फोटो काढत होते तेवढ्यात शाळेची मुलं आत घुसली. फुफ्फुसापुढे थांबली. एक मुलगी मोठ्याने वाचते, "हात... लावून... ये." दुसरी म्हणाली, "चल, लावून येऊ!" आणि गेल्या, आत्या. सगळ्याच गेल्या. गार्ड धावला. मुलगी त्याला पाटी दाखवते. तो वाचतो, माझ्याकडे बघतो, पुन्हा वाचतो. मग बाजूला झाला.

तेव्हाच मागच्या बिल्डिंगची माणसं आली. फुकट प्रवेश होता, अडवणार कोण? दगडूकाका पुढे, आकांक्षा बाजूला, मागे म्हातारे आणि त्यांच्या बायका. बायकांनी पर्सेसमधून कापूस काढला. वाती वळतात तो, पुड्यातला. गिरणी नाही राहिली तर कापूस कुठून आणणार, देवघरातून आणला. दगडूकाकांनी फुंकलं. पाणी जेमतेम हललं. मग बायका बोळे देत गेल्या आणि ते झडपेतून भरत गेले. मुलं मोजायला लागली, मी म्हटलं, मोजू नका रे, बघा.

भाता आकांक्षाने मारला. आधी रिकाम्या फुफ्फुसाचा सूर. लांब, बराच वेळ. मग दुसऱ्याचा.

तुटला.

टॉवरवाल्यांचा माणूस जवळ आला होता. त्याला वाटलं कुठल्या कंपनीने बनवून दिलंय. विचारतो, "यह किसका है?"

दगडूकाका म्हणाले, "ह्यां? माझां."

त्यानंतर एक आजी पुढे झाल्या. म्हणाल्या, माझे मालक आता नाहीत, पण त्यांचा दम मला ठाऊक आहे. आणि कापूस भरत राहिल्या, भरत राहिल्या, झडप बंद होईना इतका. तो सूर मी तुला लिहून सांगू शकत नाही. सूर नव्हताच, नुसती हवा.

संध्याकाळी मॅडमनी बोलावलं. "तू मला फसवलंस."
मी म्हटलं, "सही तुमची आहे, मॅडम."
"माहितीये. म्हणून तर चिडलेय." मग म्हणाल्या, "त्यांचा फोन आला होता. कापूस काढा म्हणतायत. रोजच्या रोज."
"आणि पाटी?"
"पाटीत शुद्धलेखनाची चूक नाहीये," म्हणाल्या आणि भराभर निघून गेल्या. पण जाताना फुफ्फुसापाशी थांबल्या. एक फुंकर मारली, बरणीत. कुणी बघत नाही असं वाटून. मी बघितलं.

तर आता असं चाललंय. दिवसभर लोक येतात, कापूस घेऊन येतात. डिलाईल रोडहून आले, शिवडीहून आले. रंगारी, बेकरीवाले, मसाला कांडणाऱ्या दोन बायकाही आल्या, आपापल्या छातीचं माप घ्यायला. दालन बंद झालं की कापूस काढायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेला. काढायला त्यांनी पगारी माणूस ठेवलाय. भरायला ठेवावा लागत नाही.

तो पगारी माणूस मी. इतके दिवस एका जागी मी पहिल्यांदाच टिकलोय.

तुझा
विहंग


केळवे
१२ मार्च

चि. विहंग, आशीर्वाद.

तुझं पत्र भाचीला मोठ्याने वाचायला लावलं, माझ्या कानाशी. दगडू काय म्हणाला ते तिला दोनदा ओरडायला लागलं. शेजारी विचारायला आले, भांडण का चाललंय.

मी शनिवारी येते. डहाणूच्या गाडीने दादर, तिथून टॅक्सी. न्यायला येऊ नकोस, मला परळ तुझ्यापेक्षा ठाऊक आहे. इमारती बदलल्या असतील, रस्ते थोडेच बदलतात. बदलले असतील तर विचारीन, मला ऐकू येत नाही, पण हात करून दाखवता येतं लोकांना.

१९८१ काढायला लावू. त्यासाठी भांडायला तोंड शाबूत आहे. आधी मात्र मी फुंकणार. ह्या वयात माझं किती पाणी हलतं ते मला बघायचंय. कापूस माझा मी आणते.

आणि तो संध्याकाळी काढायचं काम तुझ्याकडे आहे म्हणतोस, तर शनिवारी रजा टाक.

नलूआत्या